बाबा आणि चौकातलं औषधांचं दुकान : उतारवयात रस्ता ओलांडताना नेमकं कुठे चुकतं?

मोगरा (धागाकर्ती)

माझे बाबा ७८ वर्षांचे आहेत. कोथरूडला आमच्या सोसायटीसमोरचा रस्ता ओलांडून पलीकडे दूध आणायचं, मग विरंगुळा केंद्रात बसून पेपर वाचायचा, हा त्यांचा पस्तीस वर्षांचा क्रम. गेल्या महिन्यात सकाळी सव्वासहाला रस्ता ओलांडताना त्यांना मोटारसायकलचा धक्का लागला. उजवं मनगट मोडलं, खुब्याला मुका मार बसला. थोडक्यात निभावलं. चालवणारा मुलगा भला होता, तोच त्यांना रिक्षातून दवाखान्यात घेऊन गेला.

दवाखान्यात पोचल्यावर माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "बाबा, बघून नाही का जायचं?" ते शांतपणे म्हणाले, "बघूनच गेलो होतो."

मला ते खरं वाटलं नाही. पण बाबा खोटं बोलत नाहीत आणि बेफिकीर तर अजिबात नाहीत. म्हणून प्लास्टर निघाल्यावर सलग चार दिवस मी सकाळी त्यांच्याबरोबर फुटपाथच्या कडेला उभी राहिले. ते थांबले की विचारायचे, आता का थांबलात? निघाले की विचारायचे, आता का निघालात? पहिल्या दिवशी ते वैतागले. दुसऱ्या दिवशी त्यांनाही गोडी वाटायला लागली. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला त्यांचा नियम सांगितला.

डावीकडे चौकात औषधांचं दुकान आहे. गाडी दुकानाच्या पलीकडे असेल तर निघायचं, अलीकडे आली असेल तर थांबायचं. उजवीकडे अशीच खूण शाळेच्या फाटकाची. एवढाच नियम, आणि तो त्यांनी कित्येक वर्षं पाळलाय.

मी पावलांनी मोजलं. दुकान आमच्या फाटकापासून साधारण दीडशे मीटरवर आहे. रस्ता बारा मीटर रुंद, मध्ये दुभाजक नाही. बाबांना तो ओलांडायला पंधरा सेकंद लागतात. निघायचं ठरल्यापासून पहिलं पाऊल खाली पडेपर्यंत आणखी दोन. म्हणजे सतरा. ताशी ३० किलोमीटरने येणारी स्कूटर दीडशे मीटर यायला अठरा सेकंद घेते. म्हणजे बाबांचा नियम बरोबर होता! ज्या काळी तो बसला त्या काळी आमच्या रस्त्यावर कोणी याहून वेगाने जात नव्हतं. पण ताशी ६० ने येणारी मोटारसायकल तेवढंच अंतर नऊ सेकंदांत कापते. नऊ सेकंदांत बाबा जेमतेम रस्त्याच्या मधोमध पोचलेले असतात. डावीकडून येणारी गाडी पलीकडच्या अर्ध्या रस्त्यात असते आणि बाबा नेमके त्या अर्ध्यात पाऊल टाकत असतात. धक्का तिथेच लागला होता.

हे गणित कागदावर मांडल्यावर मला रडू आलं. कारण मी त्यांना "बघून नाही का जायचं" म्हटलं होतं, आणि ते अगदी नीट बघून गेले होते. त्यांनी अंतर पाहिलं होतं. वेग त्यांच्या हिशोबात आलाच नव्हता.

मग वाचत बसले. हे फक्त आमच्या बाबांचं नाही. फ्रान्समध्ये रेजी लोब्ज्वा आणि व्हिओला काव्हालो या संशोधकांनी २००७ साली नेमकं हेच तपासलं होतं. वयस्कर माणसं येणाऱ्या गाडीचं अंतर बघून ठरवतात, वेगाचा विचार त्या निर्णयात कमी येतो. त्यामुळे गाडी वेगात असली की ती धोक्याच्या वेळी निघतात, आणि गाडी हळू असली की सहज जाता येईल तेव्हाही थांबून राहतात. हे दुसरंही मी डोळ्यांनी पाहिलं. दुकानाच्या अलीकडे एक पाण्याचा टँकर रांगत येत होता, बाबा त्याच्यासाठी कितीतरी वेळ उभे राहिले. ऑस्ट्रेलियात जेनी ऑक्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेरी आणि दुहेरी वाहतुकीच्या रस्त्यांची तुलना केली. वयस्कर माणसांची खरी अडचण दुहेरी रस्त्यावर होते, आणि तीही पलीकडच्या अर्ध्यात.

आता बाबांना एकटं सोडायला आई तयार नाही. बाबा म्हणतात, मी कोंडून राहणार नाही. तुमच्या घरी काय झालं, तुम्ही काय केलंत, ते सांगाल का? आणि घरात कोणी वयस्कर असतील तर कृपा करून त्यांच्या शेजारी एकदा उभे राहून बघा. ते कशावरून ठरवतात, ते विचारा.

पायवाट

मोगराताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. तुमच्या आकड्यांवरून बाबांचा चालण्याचा वेग सेकंदाला ०.८ मीटर येतो. या वयाला तो नेहमीचाच आहे, त्यात काही आजार नाही.

पण सिग्नलची वेळ ठरवताना आपल्याकडे साधारणपणे सेकंदाला १.२ मीटर धरतात. इंग्लंडमध्येही २०१२ साली हाच आकडा वापरायचे, आणि तेव्हा तिथे एक अभ्यास छापून आला. ६५ वर्षांवरच्या पुरुषांचा सरासरी वेग निघाला ०.९ आणि बायकांचा ०.८. पुरुषांतले ८४ टक्के आणि बायकांतल्या ९४ टक्के १.२ च्या खालीच होत्या. म्हणजे सिग्नलने धरलेल्या वेगाने त्या वयाची बहुतेक माणसं चालतच नाहीत.

मी रोज जिथून जाते त्या चौकात रस्ता २१ मीटर आहे आणि चालणाऱ्यांना १८ सेकंद मिळतात. १.२ ने भागलं तर हिशोब जुळतो. ०.८ ने भागलं तर २६ सेकंद लागतात. उरलेले आठ सेकंद म्हातारं माणूस उलट्या मोजणीचे आकडे बघत, हॉर्न ऐकत, जीव मुठीत धरून पळतं. आणि पळताना पडतं. माझ्याकडे येणाऱ्यांत असे कित्येक आहेत ज्यांना गाडीचा स्पर्शही झाला नव्हता. घाईत दुभाजकाच्या कडेला पाय अडकला, एवढंच.

घरी वेग मोजायचा असेल तर सोपं आहे. पॅसेजमध्ये किंवा गच्चीवर दहा मीटरवर खडूच्या दोन रेघा मारा. रोजच्या चालीने चालायला सांगा, मोबाइलवर वेळ लावा. मग हातात दोन किलोची पिशवी देऊन पुन्हा. दुसरा आकडा खरा, कारण दूध, भाजी, औषधं घेऊन येतानाच रस्ता ओलांडायचा असतो. आणि "जोरात चाला" असं म्हणू नका. आपले आईवडील आपल्यासमोर परीक्षा दिल्यासारखे चालतात.

साठीनंतर

मी ७४ वर्षांचा आहे. हा धागा वाचून बरे वाटले, कारण आमच्याबद्दल बोलताना लोक बहुधा दोनच गोष्टी म्हणतात : "ऐकत नाहीत" आणि "दिसत नाही". आम्ही ठरवतो कसे हे कोणी विचारत नाही.

मी माझे सांगतो. मला गाड्यांपेक्षा खालच्या जमिनीची भीती जास्त वाटते. चेंबरचे झाकण वर आलेले असते, पेव्हर ब्लॉक निसटलेला असतो, डांबराचा थर चढून चढून कडेला पायरी झालेली असते. मागे एकदा पडलो तेव्हापासून रस्त्यात उतरलो की नजर पायांकडे जाते. मी ठरवून खाली बघत नाही, ती आपोआप जाते. आणि नजर पायांकडे असली की डावीकडून काय येते आहे ते दिसत नाही. फुटपाथवर उभा असताना मी दोन्हीकडे बघतो, पण रस्त्यात उतरल्यावर बघत नाही. मोगराताईंनी पलीकडच्या अर्ध्याचे लिहिले आहे, माझ्या मते त्याचे एक कारण हेही आहे.

दुसरे, मोटारसायकलचा वेग मला कळत नाही. गाडी जवळ येताना मोठी होत जाते. कारचे दोन दिवे एकमेकांपासून लांब जाताना दिसतात, त्यावरून अंदाज येतो. दुचाकीचा एकच दिवा. तो दिवा होता तेवढाच दिसत राहतो आणि एकदम अंगावर येतो.

आणि विजेवरच्या स्कूटर. माझा अर्धा निर्णय कानावर असे. आता कान तसे राहिले नाहीत आणि गाडीलाही आवाज नाही.

चष्मिष

साठीनंतरकाका, तुम्ही खाली बघण्याचं लिहिलंत म्हणून विचारते, तुमचा चष्मा प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल आहे का? मी चष्म्याच्या दुकानात अठरा वर्षं काम करते. त्या काचेचा खालचा भाग वाचण्यासाठी असतो. चालताना पायाकडे बघितलं की नजर त्याच भागातून जाते आणि पायरीची किंवा फुटपाथची कड धूसर होते. ती दिसावी म्हणून माणूस मान आणखी खाली घालतो, आणि मग रस्ता अजिबातच दिसत नाही.

जे रोज बाहेर फिरतात त्यांनी बाहेरसाठी फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा ठेवावा. क्वचितच बाहेर पडणाऱ्यांना मात्र दोन चष्म्यांची अदलाबदल उलट त्रासाची ठरते, त्यांना मी आग्रह करत नाही. आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा. मोतीबिंदू पिकायची वाट बघत बसायचे दिवसही गेले. अंधुक उजेडात करडी गाडी करड्या रस्त्यावर उठून दिसत नसेल तर ती वेळ आलेली असते.

थंडीत सकाळी फिरायला जाणारे काका-आजोबा काळा स्वेटर आणि कानटोपी घालतात. टोपीने कान झाकतात आणि बाजूचं दिसणंही कमी होतं. पांढरा किंवा पिवळा स्वेटर घाला, टोपी कपाळावरून थोडी मागे घ्या.

साठीनंतर

होय, प्रोग्रेसिव्ह आहे. चार वर्षे झाली. हे मला कोणीच सांगितले नव्हते. या आठवड्यात जातो.

हँडलमागे

मी रोज पहाटे बाइकवर कामाला जातो, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो. मोगराताई, तुमच्या बाबांना धडकलेला मुलगा मी नाही, पण असू शकलो असतो. सकाळी सहाला रस्ता मोकळा असतो आणि मोकळ्या रस्त्यावर हात आपोआप पिळला जातो. आपण ६० वर आहोत हे जाणवतही नाही. सकाळी नऊच्या गर्दीत तोच रस्ता मी २५ ने जातो. वयस्कर माणसं गर्दी नको म्हणून पहाटे बाहेर पडतात, आणि वेग सर्वात जास्त तेव्हाच असतो, हे आज पहिल्यांदा लक्षात आलं.

आमची एक अडचण सांगतो. कडेला उभे असलेले आजोबा थांबलेत की निघालेत ते कळत नाही. एक पाऊल खाली टाकतात, मागे घेतात, पुन्हा टाकतात. आम्ही समजतो थांबले, आणि तेवढ्यात ते निघतात. हात वर केला तर लगेच कळतं. हात खांद्याच्या वर आणि तळवा आमच्याकडे. खाली कमरेजवळ हलवलेला हात हेडलाइटच्या उजेडात दिसत नाही.

मी उद्यापासून त्या वेळी ४० च्या वर जाणार नाही. बाकीच्यांचं माझ्या हातात नाही.

मोगरा

हँडलमागे, मनापासून आभार. जागतिक आरोग्य संघटना सांगते की कारचा वेग ताशी ५० वरून ६५ वर गेला की धडकेत पायी माणूस दगावण्याचा धोका साडेचार पटींनी वाढतो. वेग कमी असला की बाबांना वेळ मिळतो, आणि धक्का लागलाच तर जीव वाचतो. दोन्हीकडून फायदा.

निवृत्त_चालक

तीस वर्षं शहरात बस चालवली. दोन गोष्टी मनावर घ्या.

थांब्यावर उतरलात की बसच्या पुढून रस्ता ओलांडू नका. चालकाला बसच्या नाकाखाली उभा असलेला बुटका, वाकलेला माणूस दिसतच नाही. मी स्वतः दोनदा नशिबाने वाचलोय, ती माणसं आजही डोळ्यांसमोर आहेत. आणि बसच्या आडून तुम्ही बाहेर आलात की बाजूने ओव्हरटेक करणाऱ्यालाही दिसत नाही. बस निघून जाऊ दे. दोन मिनिटं उभे राहा.

दुसरी गोष्ट, एक गाडी तुमच्यासाठी थांबली म्हणून निघू नका. ती थांबलेलीच गाडी पलीकडून येणाऱ्याला तुमच्यापासून झाकते. मी बस थांबवून हाताने "जा" केलं की म्हातारे लोक मला नमस्कार करून घाईघाईने निघायचे, आणि माझ्या उजव्या बाजूने दुचाकी सुटायची. पुढे पुढे मी हात करणंच सोडून दिलं. बस थांबवायचो, पण हात नाही. थांबलेल्या गाडीच्या कडेपर्यंत या, तिथे थांबून पुढचा पट्टा बघा, मगच पाऊल टाका.

उंबरठा

सगळं पटलं, तरी एक स्पष्ट लिहिते. राग मानू नका. माझ्या सासूबाई ८१ वर्षांच्या. दोनदा पडल्या. आम्ही दोघं नोकरीला. दूध, भाजी, औषधं सगळं घरपोच मिळतं, मग रस्ता ओलांडायचा हट्ट कशासाठी? फोन वाजला की माझ्या पोटात गोळा येतो. त्यांच्या स्वातंत्र्याची किंमत रोज मी मोजते.

साठीनंतर

ताई, रागावण्यासारखे काही नाही. तुमची काळजी खरी आहे. पण आमच्या बाजूनेही ऐका. आमच्या कट्ट्यावरचे एक मित्र पडले, मुलांनी बाहेर जाणे बंद केले. सहा महिन्यांत त्यांना बाथरूमपर्यंत जायला आधार लागू लागला. पाय वापरले नाहीत की जातात. आणि पायांच्या आधी बोलणे जाते. दूध घरपोच येते, पण दूधवाल्याशी दोन शब्द बोलायचे असतात ते घरपोच येत नाहीत.

पायवाट

काकांचं म्हणणं वैद्यकीयदृष्ट्याही बरोबर आहे. उंबरठाताई, दोनदा पडल्या असतील तर आधी कारण शोधा. बीपीच्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या, उठल्यावर येणारी चक्कर हे डॉक्टरांकडून तपासून घ्या. मग पायांचे आणि तोलाचे व्यायाम. त्यानंतरही रस्ता जमणार नाही असं दिसलं तर रस्त्याच्या अलीकडच्याच बाजूला फिरण्याची जागा शोधा. घरात बसवणं हा शेवटचा पर्याय असू दे.

उंबरठा

बीपीची गोळी गेल्या वर्षी बदलली होती. पडणं त्यानंतरचंच आहे. आज वेळ घेते डॉक्टरांची.

तळकोकण

शहरातल्या लोकांका निदान सिग्नल तरी असा. आमच्याकडे मुंबई-गोवा महामार्ग चौपदरी झाला आणि गाव मधोमध फाटला. घर एका बाजूला, देऊळ दुसऱ्या बाजूला. माझी आजी साठ वर्षं ज्या वाटेने देवळात गेली, त्या वाटेवर आज दोन्ही बाजूंनी गाड्या ताशी ८०-१०० ने येतात.

मोगराताईंचं गणित इथे लावून बघितलं. ताशी १०० म्हणजे सेकंदाला २८ मीटर. आजीला सतरा सेकंद लागत असतील तर गाडी पावणेपाचशे मीटर लांब हवी. तेवढ्या लांबची गाडी पंचाहत्तरीच्या डोळ्यांना ठिपक्याएवढी. असली काय, नसली काय. तिथे माणूस ठरवणार तरी कशावरून? आजी आता थेट जातच नाही. दीड किलोमीटर लांबच्या भुयारी वाटेपर्यंत नातू गाडीवरून सोडतो. नातू नसला तर देव घरातच.

दादरचा_कोपरा

मुंबईत यावर उपाय म्हणून स्कायवॉक आले. वांद्र्याला पहिला झाला २००८ मध्ये, पुढे मुंबईभर तीसहून अधिक. पण खालून बस आणि ट्रक जायला हवेत म्हणून पुलाखाली साडेपाच मीटर उंची मोकळी ठेवावी लागते. पंधरा सेंटीमीटरची पायरी धरली तर छत्तीस-सदतीस पायऱ्या चढायच्या आणि तेवढ्याच उतरायच्या. सरकत्या जिन्यापुढे किंवा लिफ्टपुढे "बंद आहे" असा फलक दिसला की आईसारखी गुडघे धरून चालणारी माणसं खालूनच जातात. लोक त्यांना बेशिस्त म्हणतात, याचा मला फार त्रास होतो. ज्याला सदतीस पायऱ्या चढता येत नाहीत त्याच्यासाठी तो पूल नाहीच.

आमच्याकडे २०२० मध्ये दादर-माहीम भागातल्या पादचारी सिग्नलवर पुरुषाच्या जागी बाईची आकृती आली. मला ते आवडलं, आईलाही आवडलं. ती म्हणाली, आता तेवढा तिला जरा वेळही द्या म्हणावं.

सिंहपुरी

मी बारा वर्षं सिंगापूरमध्ये आहे. इथे तो वेळ देतात. ज्येष्ठांच्या सवलतीच्या कार्डाने सिग्नलच्या खांबावरच्या यंत्राला टिचकी द्यायची, हिरवा माणूस ३ ते १३ सेकंद जास्त थांबतो. रस्त्याच्या रुंदीप्रमाणे सेकंद ठरतात. २००९ पासून ही सोय आहे. आईबाबा आले होते तेव्हा आमच्या शेजारच्या आजी त्यांच्यासाठी कार्ड लावायच्या.

पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते दुसरं. जिथे वृद्धांची वस्ती जास्त आहे तिथे २०१४ पासून 'सिल्व्हर झोन' केलेत. रस्ता मुद्दाम थोडा वळवतात, अरुंद करतात, म्हणजे गाडी आपोआप हळू होते. आणि मध्ये थांबायला जागा ठेवतात. अर्धा रस्ता ओलांडायचा, उभं राहायचं, दुसऱ्या बाजूला बघायचं, मग उरलेला अर्धा. एका वेळी एकाच दिशेचा विचार. मोगराताई, तुमच्या बाबांच्या रस्त्यावर ही मधली जागा असती तर औषधांच्या दुकानाचा नियम तिथे उभं राहून पुन्हा एकदा लावता आला असता.

मोगरा

सिंहपुरी, हे वाचून अंगावर काटा आला. खरंच. बारा मीटरऐवजी सहा मीटर. साडेसात सेकंद आणि वरचे दोन. ताशी ६० च्या गाडीलाही बाबांच्या खुणेपासून यायला नऊ लागतात. अगदी काठावर, पण मधून बघताना ती गाडी त्यांना दिसली असती.

दादरचा_कोपरा

पण दुभाजक नसलेल्या रस्त्यावर मध्येच थांबायचं का? आपल्याकडे सगळे तेच करतात. एक पट्टा मोकळा दिसला की शिरायचं, गाड्यांच्या मध्ये उभं राहायचं, मग पुढचा पट्टा.

पायवाट

याला संशोधक 'रोलिंग गॅप' म्हणतात. आपल्याकडच्या मिश्र वाहतुकीत माणसं कशी ओलांडतात यावर आयआयटी मुंबईत काम झालंय, त्यातही हे येतं. पण त्यासाठी मध्येच थांबणं, एकदम वेग घेणं, एक पाऊल मागे येणं जमायला हवं. तरुणांना जमतं. सत्तरीनंतर चालीचा वेग ऐन वेळी बदलता येत नाही. त्यामुळे दुभाजक किंवा उंचवटा नसेल तर ज्येष्ठांनी मध्ये थांबायची योजना करून निघू नये. दोन्ही बाजू मोकळ्या दिसल्या तरच. नाहीतर शंभर मीटर जास्त चालून जिथे मध्ये उभं राहायला जागा आहे तिथून जावं.

जुना_दप्तरी

मी पालिकेच्या रस्ते खात्यातून निवृत्त झालो. तांत्रिक आणि कायद्याचे थोडेसे सांगतो, अर्जात उपयोगी पडेल.

पायी चालणाऱ्यांच्या सोयींसाठी इंडियन रोड्स काँग्रेसचे आयआरसी १०३ हे मार्गदर्शक आहे. त्याच्या २०१२ च्या आवृत्तीत फुटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी असे म्हटले आहे. तुमच्या दारातला मोजून बघा. सिग्नल नसलेल्या झेब्रा पट्ट्यांवर पायी माणसाचा हक्क आधी, हे मोटार वाहन चालवण्याच्या २०१७ च्या नियमावलीत आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ आले. रस्त्याच्या रचनेचे, देखभालीचे निकष न पाळल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आले तर जबाबदार यंत्रणेला किंवा कंत्राटदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. आणि १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चालण्यायोग्य फुटपाथ हा जगण्याच्या हक्काचा, म्हणजे घटनेच्या कलम २१ चा भाग आहे असे सांगितले.

२०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत ३२,८२५ पायी चालणारी होती. पुणे महापालिका ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर गाड्या बंद ठेवून पादचारी दिन साजरा करते, २०२१ पासून. मला त्याचे कौतुक आहे. मीही दरवर्षी जातो. उरलेल्या दिवसांचे काम मात्र क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देऊन करून घ्यावे लागते.

अर्ज कसा लिहावा ते अनुभवाने सांगतो. "येथे अपघात होतात, उपाय करावेत" असा अर्ज फायलीत पडून राहतो. मोगराताईंनी वर जे लिहिले तसा लिहा. रस्त्याची रुंदी इतकी, ज्येष्ठांना लागणारा वेळ इतका, सकाळी सहा ते सात गाड्यांचा वेग इतका, मागणी एकच : या ठिकाणी उंच झेब्रा (म्हणजे रस्त्यापेक्षा उंच केलेले झेब्रा पट्टे) आणि मध्ये उभे राहायला जागा. आकडे असले की कनिष्ठ अभियंत्याला जागेवर येऊन मोजावे लागते. तो आला की अर्धे काम झाले. प्रत वाहतूक शाखेला द्या.

मोगरा

दप्तरीकाका, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. त्यांनी दोनदा वाचायला लावला. ते पूर्वी शाळेत गणित शिकवायचे, त्यामुळे अर्ज तेच लिहिणार म्हणतात. डाव्या हाताने.

आत्तापुरतं आम्ही एवढं ठरवलंय. बाबा सव्वासहाऐवजी सातला निघतात, उजाडल्यावर. आमच्या फाटकासमोरून न ओलांडता चौकातल्या त्या औषधांच्या दुकानापर्यंत चालत जातात, तिथे दुभाजक आहे. दीडशे मीटर जास्त चालावं लागतं. मध्ये उभं राहून डावीकडे पुन्हा बघतात. काल आई त्यांच्याबरोबर गेली होती, आज नाही गेली.

पण गाड्यांचा वेग मोजायचा कसा, हे आम्हाला कळत नाही.

हँडलमागे

सोपं आहे. शाळेच्या फाटकापासून तुमच्या फाटकापर्यंतचं अंतर टेपने मोजायचं. एकजण तिकडे उभा राहून गाडी आली की हात वर करेल, दुसरा इकडे स्टॉपवॉच लावेल. अंतराला सेकंदांनी भागा आणि ३.६ ने गुणा, ताशी किलोमीटर मिळतात. पन्नास गाड्या मोजल्या तरी चित्र कळेल. मी कोथरूडमध्येच राहतो. रविवारी पहाटे सहाला मोकळा आहे.

साठीनंतर

मी डहाणूकर कॉलनीत राहतो. रविवारी येतो. मला हात वर करायचे काम द्या.

पायवाट

मीही येते. ज्येष्ठांना लागणारा वेळ मी लिहून घेईन. कट्ट्यावरच्या सगळ्यांना सांगा, पिशवी घेऊन या.

मोगरा

रविवार, पहाटे पावणेसहा, आमच्या फाटकापाशी. पत्ता व्यक्तिगत निरोपातून पाठवते. आईने सगळ्यांना चहा सांगितलाय. पन्नास मीटरची टेप कोणाकडे आहे?

जुना_दप्तरी

माझ्याकडे आहे. खात्यातली नव्हे, स्वतःची. घेऊन येतो.